गडी उठेपर्यंत

टॉलिव्हर, जॉर्जिया
१२ सप्टेंबर २०१७

चि. बिस्किट यास,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा हात आखडून.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर आम्ही सगळ्याजणी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये तुमचा फुटबॉलचा सामना बघायला टीव्हीसमोर बसलो होतो. कोंबडी तळून झाली होती. युलालीबाईंनी नेहमीप्रमाणे दोन तंगड्या कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातल्या होत्या. राष्ट्रगीत सुरू झालं, कॅमेरा तुमच्या रांगेवरून फिरायला लागला, आणि सगळे ताठ उभे असताना माझा साडेसहा फुटी भाचा एकदम खाली! मी किंचाळले, "अगं बाई, गुडघा गेला माझ्या पोराचा!" पाद्रीबाबांनी तिथल्या तिथे तुझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना सुरू केली. आम्ही डोळे मिटले, हात धरले. 'आमेन' म्हणून डोळे उघडतो तर तू उठून टुणटुणीत चालतोयस. पाद्रीबाबा इतके खूश झाले की विचारू नकोस. त्यांची प्रार्थना इतक्या झटपट आजवर कधी लागू पडली नव्हती.

मग युलालीबाई म्हणाल्या, "अहो, तो पडला नाही काही. गुडघा टेकून निषेध करतोय तो. पेपरात येतं ना हल्ली."

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की कोण कुठलं हाड चघळतंय तेसुद्धा ऐकू यायला लागलं.

बिस्किट, तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी तू कुठे असायचास? शाळेच्या मैदानावर, माझ्या झग्याला धरून, मी माइकपुढे उभी राहून तेच गाणं गात असताना. वीस-बावीस वर्षं मी ते गातेय. ज्याने ते लिहिलं त्याने स्वतः कधी गाऊन पाहिलं नसावं, कारण ते सुरू होतं विहिरीच्या तळाशी आणि संपतं पाण्याच्या टाकीवर. तरी मी चढते. आणि तू त्याच गाण्याला खाली बसतोस?

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी ओरडते आणि तू "हो आत्या, हो आत्या" म्हणत फोन उशीवर ठेवून देतोस. पत्र निदान वाचावं तरी लागतं.

वीस ऑक्टोबरला आपला माहेरपणाचा सामना आहे, गाव सोडून गेलेली सगळी लेकरं येतात तो. शाळा तुझी जर्सी भिंतीवर कायमची लावणार आहे. तुमचा त्या आठवड्यात सामना नाही, हे मी पाहून ठेवलंय. तू मैदानाच्या मधोमध उभा राहणार, मी गाणार. नवा सूट शिवून घे. मागच्या वेळचा पाठीत उसवला होता.

तुझी,
व्हर्लीन आत्या

*

मिलवॉकी
१८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

गुडघा ठीक आहे. पाद्रीबाबांना सांग, प्रार्थना वाया गेली नाही. मैदानावर तेवढी एकच गोष्ट धड चालली, सामना आम्ही सपाटून हरलो.

तू रागावणार हे माहीत होतं. तुला आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हटलेलं मी आजवर केलेलं नाही. म्हणून न सांगता केलं. हे बोलणं काही शहाणपणाचं नाही, कळतंय मला.

बरेच जण करतायत. आमच्याकडे चौघं. बाकीचे तिघं मोठे खेळाडू आहेत, त्यांच्या नावाच्या जर्सी दुकानात मिळतात. मी पुढच्या फळीतला माणूस. माझं काम दुसऱ्याच्या अंगावर येणाऱ्याला अडवायचं. माझं नाव टीव्हीवाले फक्त मी चुकलो तरच घेतात. म्हणून तुला वाटलं असेल की हा कशाला मध्ये पडला.

इथे थंडी सुरू झाली. जेवण बरं आहे. मक्याचा ब्रेड गोड करतात, तो मी खात नाही.

वीसला नक्की येतो. सूट शिवायला टाकलाय. शिंप्याने माप घेताना फीत दोनदा जोडली.

काकांना नमस्कार.

तुझा,
बिस्किट

*

टॉलिव्हर
२६ सप्टेंबर

चि. बिस्किट,

तुझं पत्र तीनदा वाचलं. थंडी कळली, ब्रेड कळला, शिंप्याची फीत कळली. का, ते मात्र कुठे सापडलं नाही. 'बरेच जण करतायत.' बरेच जण गोड मक्याचा ब्रेडही खातात, तो तू खात नाहीस!

आता माझं ऐक. हे तुला मी कधी सांगितलेलं नाही, कारण लहान पोराला सांगण्यासारखं नव्हतं आणि मोठ्या पोराला वेळ नव्हता.

आमची शाळा आणि गोऱ्यांची शाळा एक झाली त्यानंतर तीन वर्षांनी मी शेवटच्या वर्गात होते. सामन्याआधी कोण गाणार यासाठी निवड ठेवली होती. मी गायले. संगीताच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी त्या गोऱ्या प्रुइटच्या थोरल्या बहिणीचं नाव पुकारलं. ती गायची तेव्हा गावातली कुत्री सामील व्हायची. मी तिकिटाच्या खिडकीशी उभी राहून पूर्ण हंगाम तिला ऐकलं. एकदाही वर पोचली नाही ती. दर वेळी तिथे आली की खोकायची.

नंतर माझं लग्न झालं, नोकरी लागली, तू आलास, तेव्हा कुठे एका शुक्रवारी गाणारी बाई आजारी पडली म्हणून मला हाक आली. मी गेले आणि माइक सोडलाच नाही. ते गाणं मला कोणी दिलेलं नाही, बिस्किट. मी घेतलंय. त्यातले शब्द माझ्यासाठी लिहिलेले नव्हते हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण वरचा सूर आता माझा आहे, आणि टॉलिव्हरमध्ये तो दुसऱ्या कोणाला लागत नाही.

म्हणून एवढंच म्हणते. तिकडे तुझ्या मोठ्या मैदानात काय ते कर. कोणाच्याही गाण्याला गुडघा टेक. माझ्या नाही.

परवा प्रुइटसाहेब येऊन गेले. सहज. पीचची पेटी घेऊन. हंगाम संपत आलाय, फळं मऊ होती, पण मी घेतली. ते आता शाळेच्या खेळ समितीचे अध्यक्ष आहेत. ट्रॅक्टर विकता विकता माणसाला हेही जमतं.

तुझा होसियाकाका बरा आहे. काही बोलत नाही, म्हणजे बराच आहे.

तुझी,
आत्या

*

मिलवॉकी
४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

संगीताच्या बाईंचं तू मला कधीच सांगितलं नव्हतंस.

का, ते विचारलंस. सांगतो. आधी लिहिलं नाही, कारण लिहिलं की रडू येतं, आणि माझ्या आकाराचा माणूस रडायला लागला की शेजारचे खोली बदलून मागतात.

बॅस्कम सरांनी शाळेत पहिल्याच दिवशी आम्हाला काय शिकवलं होतं आठवतं? पळणं नाही, धडक नाही. मैदानावर गडी पडला आणि उठला नाही, तर खेळ तिथेच थांबवायचा. सगळ्यांनी एक गुडघा टेकायचा, आपल्यांनीही आणि समोरच्यांनीही. डोक्यावरचं शिरस्त्राण काढायचं. गप्प राहायचं. तो उठेपर्यंत कोणी हलायचं नाही. उठला की टाळ्या वाजवायच्या. सर म्हणायचे, "तो तुमचा शत्रू असला तरी, जमिनीवर आहे तोवर तुमचा आहे."

लॅव्हॉन फळीत माझ्या शेजारी खेळायचा, चार वर्षं, माझा खांदा त्याच्या खांद्याला. मी पडलो तर पहिला गुडघा त्याचा टेकायचा, तो पडला तर माझा. गेल्या हिवाळ्यात गाडीचा मागचा दिवा गेला म्हणून त्याला पोलिसांनी गावाबाहेरच्या रस्त्यावर थांबवलं. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. चौकशीत सगळं नियमाप्रमाणे झालं असं ठरलं, हेही तुला माहीत आहे. पण तू तो व्हिडिओ पाहिला नाहीस. पाहू नकोसच. मी पाहिला. आत्या, त्याला आपटून पाठ मोडल्यानंतर तो रस्त्यावर पालथा पडून होता, हात मागे बांधलेले, आणि ते त्याच्याभोवती उभे होते. त्याला मारत नव्हते. नुसते उभे होते. गप्पा मारत. एकाने कॉफी मागवली.

कोणी गुडघा टेकला नाही.

मी काही देशाला शिव्या देत नाही. त्या गाण्यालाही नाही. सगळा देश एका जागी गप्प उभा असतो असा आठवड्यातला तेवढाच वेळ असतो, तेव्हा मी म्हणतो, थांबा, आमचा गडी अजून पडलेला आहे. यापेक्षा जास्त मला बोलता येत नाही. मला शाळेत एवढंच एक शिकवलं होतं.

तुझ्या गाण्याचं काय करू ते कळत नाही.

बिस्किट

*

टॉलिव्हर
९ ऑक्टोबर

बाळा,

पत्र पोचलं.

लॅव्हॉनकडे मी दर रविवारी ओव्हनमध्ये भाजलेला रताळ्याचा गोड 'पाय' घेऊन जाते. त्याची आई म्हणते तो खात नाही, पण भांडं रिकामं येतं. काल त्याला विचारलं, "बिस्किट तुझ्यासाठी बसतो, ठाऊक आहे का रे?" तर म्हणाला, "ठाऊक आहे, आत्या. त्याला सांगा, उजवा गुडघा टेक. डाव्याचं ऑपरेशन झालंय, तो मूर्ख विसरतो." मग खिडकीकडे तोंड फिरवलं.

तू लिहिलंस ते मला समजलं. पण समजणं आणि गाणं या दोन वेगळ्या जागा आहेत, बिस्किट. एक संध्याकाळ मागतेय. उभा राहा. मी म्हातारी होत चाललेय, हट्टी तर होतेच. आपल्या मुलासमोर एकदा नीट गावं, त्याने ताठ उभं राहून ऐकावं, एवढी हौस आहे असं समज. माझ्या गर्वासाठी म्हण हवं तर. गर्व करायला माझ्याकडे दुसरं आहे काय? एक आवाज आणि एक तू.

यावर वाद नको. हो की नाही, तेवढं कळव.

आत्या

*

टॉलिव्हर
१२ ऑक्टोबर

कॉर्डेल,

तुला बिस्किट म्हणणं मला जमत नाही. मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. व्हर्लीनला हे पत्र माहीत नाही. तसंच राहू दे.

प्रुइट पीच घेऊन आला तेव्हा मी मागच्या अंगणात होतो. खिडकी उघडी होती. तो म्हणाला, तुमच्या मुलाने उभं राहण्याचं कबूल केलं तर तुम्ही गाल. नाहीतर त्या दिवशी आम्ही रेकॉर्ड लावू, आणि नंतरही तीच लावत राहू. फार गोड बोलला. तुमच्या तब्येतीचाही विचार करायला हवा, म्हणाला.

ती म्हणाली, मी त्याला सांगेन, पण तुमचं नाव घेणार नाही. माझ्या मुलाला कोणी धमकी दिली असं त्याला वाटायला नको. माझा हट्ट म्हणूनच सांगेन.

तर तो तिचा हट्ट नाही. एवढं तुला कळावं.

मी तुला उभा राहा म्हणत नाही आणि बस म्हणत नाही. माझं यावर मत नाही. ती रोज सकाळी न्हाणीघरात गाते. सत्तावीस वर्षं मी त्या आवाजावर दाढी करतोय. गेला आठवडाभर गात नाही. दोनदा कापून घेतलं.

होसिया

*

मिलवॉकी
१६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

हो. उभा राहीन.

शुक्रवारी दुपारपर्यंत पोचतो. रताळ्याचा पाय लॅव्हॉनला एक कमी कर आणि मला ठेव.

बिस्किट

*

टॉलिव्हर
२३ ऑक्टोबर

माझ्या बिस्किटा,

तू शनिवारी पहाटेच निघालास, आणि शुक्रवारी रात्री घरात चर्चमधल्या इतक्या बायका होत्या की आपल्याला दोन शब्द बोलता आले नाहीत. युलालीबाई तर तुझ्या मांडीवर बसायच्याच बाकी होत्या. म्हणून लिहिते. जे झालं ते तू पाहिलंस, पण तुझ्या उंचीवरून. मी जमिनीवरून पाहिलं.

तू मैदानाच्या मधोमध उभा होतास. नवा सूट, हात मागे, शाळेच्या फोटोतल्यासारखा. मी मागितलं होतं अगदी तेच. आणि तुझा चेहरा! तुला दात काढायला नेलं होतं तेव्हा त्या खुर्चीत तू असाच बसला होतास. आत्याला वाईट वाटू नये म्हणून न रडणारा. तिकडे कुंपणापाशी लॅव्हॉन, त्याच्या चाकांच्या खुर्चीत. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे, आणि माइकमध्ये पहिला सूर सोडला.

आणि बिस्किट, तो चुकला. वीस-बावीस वर्षांत जे झालं नाही ते झालं. गाणारी प्रत्येक बाई तुला सांगेल, ते गाणं पायाच्या अंगठ्यातून उचलायचं, नाहीतर पुढे मरण आहे. मी उचललं गळ्यातून. दुसऱ्याच ओळीला मला कळलं की मी कुठे निघालेय आणि तिथे जायला माझ्याकडे शिडी नाही. पण राष्ट्रगीत म्हणजे काही कोबीची भाजी नाही, मध्येच उतरवून परत चढवायला. गात राहिले. तो उंच सूर आला, मी नेहमीसारख्या टाचा उचलल्या, आवाज गेला फाटून, आणि त्याच वेळी गुडघ्यानेही राजीनामा दिला. सगळ्या गावासमोर, सगळ्या तालुक्यासमोर, तुझी आत्या गवतावर आडवी.

माइक चिरकला.

मला आधी वाटलं, हसतील. मान वळवून बघते तर आपली पोरं खाली. समोरच्या गावची पोरंही खाली. सगळ्यांनी शिरस्त्राणं काढलेली, सगळ्यांचा एक गुडघा गवतात. कोणी सांगितलं नव्हतं, शिट्टी वाजली नव्हती. काही पोरं तर तोंडात पाणी होतं तशीच गाल फुगवून बसली होती. गडी पडला की काय करायचं एवढंच त्यांना ठाऊक.

प्रुइटसाहेबांची मात्र पंचाईत झाली. राष्ट्रगीत चालू आहे की थांबलंय हेच त्यांना ठरवता येईना. छातीवरचा हात काढावा तर देशद्रोह, ठेवावा तर मूर्खपणा. हात छातीपासून वीतभर लांब, हवेत, असे ते उभे होते. मला पडल्या पडल्या हसू आलं. तू माझ्याजवळ धावत आलास आणि मी हसतेय की रडतेय ते तुलाही कळेना. "उठवू का, आत्या?" म्हणालास. मी म्हणाले, "थांब जरा. बघू दे."

मी काय बघत होते ते सांगायचं राहिलं.

चारी बाजूंना माणसं होती, आणि एकही माझ्यावर उभं नव्हतं. सगळ्यांचे चेहरे माझ्या उंचीला आले होते. कोणी मला शिवी दिली नव्हती, कोणी माझ्या गाण्याचा अपमान केला नव्हता. ते थांबले होते, बस्स. माझ्यासाठी. पडलेल्या माणसाला हे किती मोठं वाटतं, ते पडल्याशिवाय कळत नाही बघ. आणि मग माझ्या मनात आलं, लॅव्हॉन असा पडला होता तेव्हा त्याला काय दिसलं असेल? बूट.

तुझ्या खांद्याला धरून मी उठले. टाळ्या झाल्या. पोरं उभी राहिली, तूही माझ्याबरोबर उभा राहिलास, सूट झटकलास, हात परत मागे घेतलेस. कोणीतरी माइक दिला, पुन्हा पहिल्यापासून गा म्हणाले. तेव्हा मी तुझ्या कानात काहीतरी बोलले. तू तेव्हा भोकाड पसरायच्या बेतात होतास, म्हणून नीट ऐकलंस की नुसता घाबरून बसलास याची मला शंका आहे. तर लिहूनच देते, जपून ठेव.

मी म्हणाले, "तू परत गुडघा टेक, बिस्किट. मी उठले. लॅव्हॉन कुठे उठलाय अजून?"

मग मी खालून उचललं, अंगठ्यातून. एक हात तुझ्या डोक्यावर ठेवला होता. युलालीबाईंना वाटलं, परत पडू नये म्हणून आधाराला ठेवला. तो आधारालाच होता.

वर पोचले ना मी? तू खाली मान घालून होतास. मला खरं सांग. होसियाला विचारलं तर तो म्हणतो, "बरं झालं." लग्न झालं तेव्हाही एवढंच म्हणाला होता.

तुझी,
आत्या

*

मिलवॉकी
२६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पोचलीस. इतकी वर पोचलीस की समोरच्या गावचा तो एवढासा बॉल फेकणारा पोरगा "आईशप्पथ" म्हणाला, आणि त्यांच्या सरांनी त्याला टपली मारली.

आता माझं. मला टीमने काढलं. तुझं पत्र यायच्या आधी, तुझ्याकडे यायच्याही आधी, मंगळवारी सकाळी. इथे कोणाला काढलं की त्याचं सामान काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून देतात, कचऱ्याच्या. बाकीचे आपापले बूट बांधत राहतात, कोणी वर बघत नाही. मीही आधी कधी बघितलं नव्हतं. कारण दिलं गुडघ्याचं, डाव्या. कागदोपत्री खरं आहे, सूज आहे त्याला, तुला सांगितलं नव्हतं. ते मोठे तिघं अजून आहेत, त्यांचे गुडघे उत्तम आहेत.

शुक्रवारी तुला सांगायचं नाही असं ठरवून आलो होतो. तुझा दिवस होता. वाटलं, नोकरी तर गेलीच आहे, आता निदान आत्याचं गाणं तरी राहू दे. प्रुइटसाहेबांचं मला कळलं होतं. कोणाकडून ते विचारू नकोस. ज्यांनी सांगितलं त्यांची स्वतःची दाढी नीट व्हावी एवढीच त्यांची इच्छा होती.

तू तुझं मला सांगितलं नाहीस, मी माझं तुला. आणि दोघंही एकमेकांसाठी नको ते करायला तयार होतो. तू कानात बोललीस ते मी नीट ऐकलं. घाबरलो नव्हतो. दात काढल्यावर बरं वाटतं तसं वाटलं.

पण त्यामुळे तुझा माइक जाणार, हे तुला बोलताना माहीत होतं. आणि मला आता तेच खातंय. उद्या शुक्रवार. मैदानावर काय होतं ते खरं कळव.

पुढे काय करायचं माहीत नाही. दोन टीमना फोन केले. एक म्हणाले कळवतो. दुसरे फार चांगले वागले, म्हणजे त्यांनी उचललाच नाही.

तुझा,
बिस्किट

*

टॉलिव्हर
४ नोव्हेंबर

बाळा,

कचऱ्याची पिशवी! ती धुऊन, घडी घालून जपून ठेव. जगाने आपल्याला काय समजून पाठवलं होतं ते घरात असलेलं बरं.

होसियाची मी कानउघाडणी केली. तो म्हणाला, "बरं." विषय संपला.

आता शुक्रवारचं. दोन शुक्रवार झाले, रेकॉर्ड लावतात. कोणी नामांकित बाई आहे. सूर खालून उचलते, एवढं मान्य करायला हवं. पहिल्या शुक्रवारी मी घरीच बसले आणि भांडी घासली. घासलेली परत घासली. काल म्हटलं, मैदान काही प्रुइटच्या बापाचं नाही. घडीची खुर्ची घेतली आणि कुंपणाशी लॅव्हॉनच्या शेजारी जाऊन बसले.

रेकॉर्ड सुरू झाली. सगळे उठले. मी नाही उठले. मी काही ठरवलं नव्हतं, बिस्किट. गुडघा टेकायचं माझं वय गेलं, आणि उभं राहायला मन होईना. मग उरलं काय? बसणं. हात मांडीवर ठेवले आणि गवताकडे बघत राहिले.

प्रुइटसाहेब आलेच. हलक्या आवाजात म्हणाले, "व्हर्लीनबाई, तुम्हीसुद्धा? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी तोंड उघडणार, एवढ्यात लॅव्हॉन म्हणाला, "साहेब, मी तर अख्खा हंगाम या गाण्याला बसून आहे. मला कधी विचारलं नाहीत?"

आठ महिन्यांत तो पोरगा घराबाहेरच्या कोणाशी बोललेला नव्हता. प्रुइटसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग टोपी हातात घेऊन काहीतरी पुटपुटले आणि गेले. मला त्यांचा जरासा कळवळा आला, आणि लगेच आवरला.

तेवढ्यात मागून कुरकुर आवाज आला. बघते तर होसिया. दुसरी घडीची खुर्ची उघडून, कोणाला काही न विचारता, माझ्या पलीकडे बसला. सत्तावीस वर्षांत त्या माणसाने मला एवढं मोठं भाषण कधी ऐकवलं नव्हतं.

गाणं संपल्यावर आम्ही सामना बघितला. तिघांनी मिळून उकडलेल्या शेंगा संपवल्या. पोरं फार वाईट खेळतायत, बाळा. पुढची फळी म्हणजे चाळण आहे, कोणीही यावं आणि आरपार जावं. लॅव्हॉन कुंपणावरून ओरडून ओरडून त्यांना शिकवत होता, "पाय रुंद ठेव, गाढवा! खांदा खाली!" घसा बसला त्याचा. बॅस्कम सर मध्यंतरात येऊन म्हणाले, "हा बोलतोय ते बरोबर बोलतोय, पण करून दाखवायला कोणीतरी उभं धड माणूस लागेल." मग इकडे तिकडे बघत मला म्हणाले, "बिस्किट सध्या काय करतोय?"

मी म्हटलं, "विचारते."

तर विचारतेय. दुसरी टीम फोन उचलेल तेव्हा उचलेल. तोवर होसियाने तुझ्यासाठी लोखंडी खुर्ची पाहून ठेवलीय. दुकानात लाकडी बसून पाहिली, तेव्हा ती त्याच्याच वजनाने मोडली आणि भरून द्यावी लागली. लॅव्हॉन म्हणतो, त्याच्या उजव्या हाताला ठेवा, फळीत तू तिथेच असायचास.

शुक्रवारच्या आत ये. ऊन लवकर उतरतं हल्ली, अंगात घालायला काहीतरी घेऊन ये.

तुझी,
आत्या